दोन राखाडी

वसाहतीच्या फाटकावर एक जुनी पाटी आहे, 'हलके उद्योग क्षेत्र' अशी. जोडीताई पहिल्यांदा कामावर आली तेव्हा ती पाटी वाचून तिथेच थबकली. हलके म्हणजे कसले? हलक्या दर्जाचे, की हलक्या लोकांचे? तिने फाटकावरच्या रखवालदाराला विचारलं. तो म्हणाला, "मी ट्रक आत सोडतो आणि बाहेर सोडतो, बाई. आत येताना जड असतात, बाहेर जाताना फुगलेले असतात. एवढंच मला ठाऊक."

संध्याकाळी तिने नवऱ्याला विचारलं. नवरा तेव्हा नदीपलीकडच्या कारखान्यात भट्टीवर होता. तापून लाल झालेलं लोखंड घणाखाली सरकवायचं, हे त्याचं काम. गल्लीत त्याला भट्टीवालेच म्हणत. त्याने पाय पसरले आणि बायकोला शिकवायची संधी आयती चालून आल्यासारखा सांगायला लागला.

"आमच्याकडे बनतं ते कुणाच्या घरात जात नाही. आगगाडीचा आस, जहाजाचा नांगर, मोठ्या यंत्रांची चाकं. तो जड उद्योग. तुमच्याकडे बनतं ते माणूस दुकानातून पिशवीत घालून घरी नेतो. साबण, कंगवे, छत्र्या, वह्या, मोजे. तो हलका."

"म्हणजे पिशवीत मावतं ते हलकं."

"साधारण तसंच."

"मग कात्री? ती तर लोखंडाची असते."

"लोखंड आमचं, कात्री तुमची."

"आणि कात्र्या बनवायचं यंत्र?"

"ते आमचं."

"आणि शिलाई मशीन?"

नवऱ्याने डोकं खाजवलं. "ते घरात येतं. म्हणजे हलक्यात धरायला हवं."

"एकदा उचलून बघा," जोडीताई म्हणाली, आणि स्वयंपाकाला लागली. तो मात्र बराच वेळ कोपऱ्यातल्या शिलाई मशीनकडे बघत बसला होता.

पुढे तिला वसाहत पाठ झाली. फाटकातून आत गेलं की डावीकडे कंगव्यांची शेड, तिथे जळक्या प्लास्टिकचा वास. मग छत्र्यांची, तिथल्या बायका दिवसभर छत्र्या उघडून मिटून बघायच्या. मग वह्या, खेळणी, चष्म्याच्या काड्या, उशांचे अभ्रे. माणूस सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत ज्या वस्तूंना हात लावतो आणि ज्यांच्याकडे नीट बघतही नाही, त्या सगळ्या तिथे बनत. शेवटची शेड मोज्यांची. तिथे तिची तेवीस वर्षं गेली.

मोज्याला डावा-उजवा नसतो. यंत्रातून तो एकटा बाहेर पडतो, बोटांच्या बाजूला उघडा. मग ते तोंड शिवतात, पायाच्या आकाराच्या पत्र्यावर चढवून त्याला वाफ देतात आणि ढिगात टाकतात. तिथपर्यंत तो एकटाच. जोडीदार मिळतो तो जोडीच्या टेबलावर. ढिगातून दोन मोजे उचलायचे, पंजाला पंजा लावायचा, तळहात फिरवत वरपर्यंत न्यायचा, लांबी बघायची, एकदा ताणायचं, रंग बघायचा आणि घडी घालून ठेवायचं. जुळला नाही तर दुसरा घ्यायचा. हे सगळं ती दोन श्वासांत करायची. रंगात केसाएवढा फरक असला तरी तिचा हात आपोआप मागे यायचा. म्हणून तिचं नाव जोडीताई पडलं. शेजारच्या टेबलावर मोज्यांना लेबल लावणारी बाई म्हणायची, "ही रोज हजार-बाराशे सोयरिकी जुळवते, आणि आजवर एकही मोडून परत आली नाही."

ते खरंच होतं. त्या वर्षापर्यंत.

त्या वर्षी शाळांच्या गणवेशासाठी दुकानांकडून राखाडी मोज्यांची मोठी मागणी आली. मालकीणबाईंनी माल बांधायचं नवं यंत्र आणलं. ते ठेवायला जागा हवी, म्हणून जोडीचं टेबल उत्तरेच्या खिडकीपासून हलवून आतल्या भिंतीला लावलं आणि खिडकीसमोर खोक्यांची रास उभी राहिली. जुन्या फडफडणाऱ्या नळ्या काढून नवे दिवे बसवले. इतका स्वच्छ पांढरा उजेड पडला, की पहिल्या दिवशी सगळ्या बायका एकमेकींच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या मोजत बसल्या. जोडीताईला ते दिवे आवडले. आता डोळ्यांना ताण नाही, असं ती घरी म्हणालीसुद्धा.

महिन्याभराने एक खोका परत आला. त्यावर दुकानदाराने चिठ्ठी लावली होती: 'जोड्या बेजोड आहेत.' आत तपासणीची पावती होती, टेबल क्रमांक तीन. म्हणजे जोडीताईचं.

सुपरवायझर वयाने तिच्याहून बराच लहान, स्वभावाने मऊ. बोलण्याआधी दोनदा खाकरायची सवय. त्याने खोका तिच्यासमोर ठेवला आणि खाकरून म्हणाला, "ताई, जरा बघून घ्या. काहीतरी घोळ दिसतोय."

तिने चोवीसच्या चोवीस जोड्या उघडल्या. लांबी बरोबर. वीण बरोबर. रंग बरोबर. सुपरवायझरनेही वाकून बघितलं. लेबलवालीने बघितलं. वाफेवरची बाई हात पुसत आली, तिनेही बघितलं. सगळे मोजे एकसारखे राखाडी.

"त्या दुकानदाराचेच डोळे तपासायला हवेत," लेबलवाली म्हणाली. सगळे हसले. जोड्या पुन्हा घडी करून दुसऱ्या दुकानाच्या खोक्यात गेल्या.

आठवड्याने दुसरा खोका आला, दुसऱ्या दुकानातून. पावती पुन्हा टेबल क्रमांक तीन. या वेळी कुणी हसलं नाही. सुपरवायझरने पुन्हा सगळ्या जोड्या बघितल्या, पुन्हा सगळ्या जुळल्या. "बांधून टाका," तो म्हणाला आणि खाकरत निघून गेला. त्याला काय म्हणायचं होतं ते त्यालाही ठरवता आलं नसावं.

जोडीताईने त्यातली एक जोडी डब्याच्या पिशवीत टाकली. जेवणाच्या सुट्टीत ती शेडच्या मागच्या पायरीवर बसली, आणि डबा उघडायच्या आधी ते मोजे मांडीवर पसरले.

एक मोजा राखाडी होता. दुसराही राखाडीच होता. पण एकात हिरवट झाक होती आणि दुसऱ्यात तांबूस. फरक एवढा ढळढळीत, की तिला आधी वाटलं, आपण पिशवीत चुकून भलतेच मोजे टाकले. ती उठून आत गेली. दिव्याखाली धरले. एकसारखे. बाहेर आली. वेगळे. पुन्हा आत. एकसारखे. डबा तसाच राहिला आणि सुट्टी संपल्याची घंटा झाली.

दुकानातल्या उजेडात कापड एक दिसतं आणि बाहेर दुसरंच दिसतं, हे तिला ठाऊक होतं. कापड घेताना कोणीही दारापर्यंत नेऊन बघतंच. पण तिचा हिशेब साधा होता. दोन वस्तू आत एकसारख्या असतील, तर बाहेर गेल्यावर दोघींचाही रंग सारखाच बदलायला हवा. एक हिरवटाकडे आणि दुसरी तांबूसाकडे कशी जाईल? एकाच रस्त्यावरून निघालेली दोन माणसं उंबरा ओलांडताच दोन दिशांना गेल्यासारखं हे झालं. तिने लेबलवालीला पायरीवर आणलं.

"वेगळे दिसतात ना गं?"

"हो, थोडे वेगळे वाटतायत."

आत नेलं. "आणि आता?"

"एकसारखेच की."

"मग नक्की काय?"

"तुला काय वाटतं?" लेबलवाली म्हणाली. ही बाई कुणाचंच मन मोडायची नाही. तिच्या साक्षीला काडीची किंमत नव्हती, हे जोडीताईला वीस वर्षांपासून माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी तिने थेट सुपरवायझरला बाहेर बोलावलं. कालची जोडी तर तिने परत ठेवली होती आणि ती खोक्यात बांधून गेली होती, म्हणून तिने ढिगातून लावलेली ताजी जोडी घेतली. तो पायरीवर उभा राहिला, मोजे उन्हात धरले, उलटेपालटे केले.

"ताई, एकसारखे आहेत."

तिने बघितलं. खरंच एकसारखे होते. ना हिरवट, ना तांबूस. एका पिठाचे दोन गोळे असावेत तसे.

"काल नव्हते," ती म्हणाली.

"काल ऊन कडक होतं," तो म्हणाला. "उन्हातून आत-बाहेर केलं की डोळे दिपतात. माझेही दिपतात." तो तिला सांभाळून घेत होता, आणि तेच तिला जास्त लागलं.

त्या आठवड्यात तिने आठ जोड्या पायरीवर नेऊन बघितल्या. पाच जुळल्या, तीन जुळल्या नाहीत. सकाळी बघो की दुपारी, ऊन असो की ढग, काही मेळ बसेना. एकदा वाटायचं, मोज्यांत खोट आहे. मग पुढची जोडी जुळायची, आणि वाटायचं, खोट आपल्यात आहे. तेवीस वर्षं जे काम हात न विचारता करत आला होता, ते आता विचारून करावं लागत होतं. विचारायला गेलं की हात अडायचा. एकेका मोज्याला चार-चार जोडीदार लावून बघायची आणि शेवटी पहिलाच घ्यायची. टेबलावरचा ढीग वाढत गेला.

ती डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेली. अंधाऱ्या खोलीत तिला खुर्चीवर बसवलं, लहान-मोठी अक्षरं वाचून घेतली, रंगीत ठिपक्यांत लपलेले आकडे विचारले. तिने सगळे आकडे सांगितले.

"डोळे उत्तम आहेत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "जवळच्या चष्म्याचा नंबर थोडा वाढलाय, बाकी काही नाही."

"काहीच नाही?"

"तुम्हाला काय हवं होतं?"

मोतीबिंदू निघाला असता तर बरं झालं असतं, असं जोडीताईला वाटत होतं, पण ते सांगायची सोय नव्हती. आजाराला निदान नाव असतं.

घरीही ते मागे लागलं. कपबशा मांडताना ती दोन कप शेजारी धरून बघायची. चपलांचा जोड दारात नेऊन बघायची. एकदा नवरा वर्तमानपत्र वाचत असताना ती त्याच्यासमोर उभी राहून एकटक बघायला लागली.

"काय झालं?"

"तुमचा डावा कान उजव्यापेक्षा लाल आहे."

"त्या बाजूला खिडकी आहे," तो म्हणाला आणि पान उलटलं. दोघांच्याही लक्षात आलं नाही, की तो काय बोलून गेला.

सोमवारी ती आपण होऊन सुपरवायझरकडे गेली. "मला लेबलावर टाका," ती म्हणाली. "जोडीवर दुसरं कुणी बसवा."

"तुमची चूक आहे असं मी कुठे म्हटलं?"

"तुम्ही नाही म्हटलं. माझं चुकतंय की नाही हेच मला कळत नाही. चुकत असतं तर सुधारलं असतं."

सुपरवायझर खाकरला आणि त्याने टेबलं बदलून दिली. लेबलवाली जोडीच्या टेबलावर गेली आणि जोडीताई लेबलावर. कागदाची पट्टी गुंडाळायची, टोक चिकटवायचं. पट्टीला जोडीदार नसतो, त्यामुळे डोक्याला ताप नव्हता. पण पट्टी गुंडाळताना तिची नजर मोज्यांवर जायचीच, आणि ती मुद्दाम वर छताकडे बघायची.

दोन आठवड्यांनी तिसरा खोका परत आला. तीच तक्रार. आत पावती होती लेबलवालीच्या हातची.

लेबलवाली रडवेली झाली. जोडीताईला आधी हायसं वाटलं, मग त्या हायसं वाटण्याची लाज वाटली, आणि मग पुन्हा डोकं गरगरलं. म्हणजे खोट आपल्यात नव्हती? की दोघींच्याही डोळ्यांना एकच रोग लागला? की दुकानदारच एकमेकांना शिकवून बसले होते? सुपरवायझरने सवयीप्रमाणे जोड्या दिव्याखाली धरल्या. सगळ्या जुळत होत्या.

त्या संध्याकाळी तिने नवऱ्याला पहिल्यांदा सगळं सांगितलं. आतापर्यंत तुकडे सांगितले होते, तेही चिडचिड करत. त्याला निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती आणि मोज्यांच्या गोष्टी तो अर्ध्या कानानेच ऐकायचा. या वेळी त्याने वर्तमानपत्र खाली ठेवलं.

"तुमच्याकडे दिवे कधी बदलले?"

"मागणी आली तेव्हाच. का?"

"भट्टीवर आमचं सगळं काम रंगावर. लोखंड किती तापलं ते रंगावरून ओळखायचं. गडद लाल, केशरी, पिवळं. पण भट्टीशेजारी खिडकी कधी ठेवत नाहीत. सावलीतच बघायचं. ऊन आत आलं की लाल झालेलं लोखंड काळं दिसतं. नवखा माणूस त्याला हात लावायला जातो."

"पण ते एकच लोखंड. माझे दोन मोजे आहेत. आत दोन्ही सारखे, बाहेर दोन्ही वेगळे, आणि तेही कधी कधीच."

"ते मला नाही कळत," त्याने कबूल केलं. "पण तू एकेक जोडी बाहेर नेतेस, तिथे चुकतेस. एका कांबीवरून आम्ही भट्टीबद्दल बोलत नव्हतो. अख्खा ढीग बाहेर ने. जोड्या सोड, सगळे मोजे सुटे कर आणि बघ काय होतं."

"सगळ्यांसमोर?"

"आधी एकटीने."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिने परत आलेला खोका मागच्या अंगणात नेला. माल बांधायचा कोरा कागद जमिनीवर अंथरला, चार कोपऱ्यांवर दगड ठेवले, आणि अठ्ठेचाळीस मोजे सुटे करून पसरले.

पाचव्या मिनिटाला तिला दोन ढीग दिसले. म्हणजे तिने केले नाहीत, तेच झाले. एकीकडे हिरवट राखाडी, दुसरीकडे तांबूस राखाडी, मधे एकही नाही. इकडे सव्वीस, तिकडे बावीस. तिने पुन्हा तपासलं. एकाही मोज्याने बाजू बदलली नाही. म्हणजे एकाच ढिगातले दोन एकत्र आले की जोडी जुळायची, आणि दोन ढिगांतले आले की नाही. सुपरवायझरला दाखवलेली जोडी त्या दिवशी का जुळली, हे तिला तिथे उकिडवं बसल्या बसल्या कळलं. कळल्यावर आनंद व्हायला हवा होता. तिला झाला नाही. कारण एक गाठ सुटली तशी दुसरी पडली: हे दोन रंग आले कुठून, आणि आत जाऊन लपतात कुठे?

तिने तांबूस ढिगातल्या प्रत्येक मोज्याला आतून, पंजापाशी, लाल दोऱ्याचा एक टाका घातला. मग सगळे एकत्र कालवून टोपलीत भरले आणि आत नेले.

"हे वेगळे करा," ती सुपरवायझरला म्हणाली. "यात दोन रंग आहेत."

तो पाच मिनिटं दिव्याखाली बसला. "ताई, एकच रंग आहे."

"मलाही आत एकच दिसतो. मालकीणबाईंना बोलवा."

मालकीणबाई आल्या, चष्मा लावून त्यांनीही बघितलं, त्यांनाही एकच दिसला. मग जोडीताईने टोपली उचलली आणि सगळ्यांना मागच्या अंगणात नेलं. कागदावर मोजे पसरून ती बाजूला झाली आणि सुपरवायझरला म्हणाली, "आता तुम्ही करा."

त्याने मोजे वेगळे करायला सुरुवात केली. आधी हळूहळू, मग भराभर. मग जोडीताईने एक ढीग उलटा करून दाखवला. बावीस मोजे, बावीस लाल टाके. दुसऱ्या ढिगात एकही नाही.

सुपरवायझर खाकरायचंही विसरला. वाफेवरची बाई एक मोजा घेऊन दारातून आत-बाहेर करत राहिली, जोडीताईने पहिल्या दिवशी केलं होतं तसं.

मग मालकीणबाईच म्हणाल्या, "सूत दोन ठिकाणांहून आलं होतं." मागणी मोठी, नेहमीच्या रंगाऱ्याला एवढं सूत रंगवून देणं झेपेना, म्हणून सुताची अर्धी रिळं त्यांनी दुसऱ्या रंगाऱ्याकडून घेतली होती. दोघांना एकच नमुना दिला होता. आलेलं सूत त्यांनी इथेच, या दिव्यांखाली, नमुन्याला लावून बघितलं होतं. अर्ध्या यंत्रांवर एकाचं सूत चढलं, अर्ध्यांवर दुसऱ्याचं, आणि सगळे मोजे एकाच ढिगात आले.

नेहमीचा रंगारी दुसऱ्या दिवशी आला. म्हातारा माणूस, नखं कायमची निळी. त्याने दोन्ही मोजे दारात धरले, आत धरले आणि मान हलवली.

"राखाडी हा काही एक रंग नाही," तो म्हणाला. "मी काळ्यात निळा आणि पिवळा घालून करतो. त्याने लाल, निळा, पिवळा मिसळून केलाय. ज्या दिव्याखाली जुळवलं त्या दिव्याखाली जुळतो. दिवा बदलला की ज्याचं त्याचं पोटातलं वर येतं. तुमची आधीची खिडकी असती तर पहिल्याच दिवशी समजलं असतं."

"मग यातला बरोबर कोणता?" जोडीताईने विचारलं.

"कशाशी बरोबर?"

"नमुन्याशी."

नमुना आणला. दारात धरला तर तो हिरवट ढिगाच्या जवळ वाटला, पण अगदी तसा नाही. आत दिव्याखाली दोघांशी जुळला. रंगारी म्हणाला, नमुना कपाटात राहून विटलाही असेल. मालकीणबाई म्हणाल्या, शाळावाल्यांनी तो पसंत केला तेव्हा संध्याकाळ होती आणि कचेरीत पिवळा दिवा लागला होता. रंगाऱ्याने खांदे उडवले. "तुम्ही कुठे उभं राहून विचारताय त्यावर आहे, बाई," तो म्हणाला आणि चहा पिऊन गेला.

खरा राखाडी कोणता, हे कुणीच ठरवलं नाही. ठरवण्यासारखं काही होतं की नाही, हेही जोडीताईला कळलं नाही. शेडमधल्या सगळ्या बायकांनी चार दिवस अंगणात बसून उरलेला माल दोन रंगांत वेगळा केला. मग मालकीणबाईंनी एक रंग एका शाळेच्या दुकानाला आणि दुसरा दुसऱ्या शाळेच्या दुकानाला पाठवला. दोन्हीकडून एकही तक्रार आली नाही. खोक्यांची रास हलली आणि जोडीचं टेबल पुन्हा उत्तरेच्या खिडकीपाशी गेलं. सुपरवायझरने सगळ्यांसमोर सांगितलं, की ताईंचं पहिल्या दिवसापासून बरोबर होतं आणि त्याने ऐकायला हवं होतं. दोनदा खाकरून सांगितलं, पण सांगितलं.

जोडीताईला नवं काम मिळालं. रोज सकाळी प्रत्येक यंत्राचा एकेक मोजा पायरीवर नेऊन बघायचा आणि मगच पुढचं काम सुरू करायचं. लोक आता तिच्याकडे रंग विचारायला येत. छत्र्यांच्या शेडमधून एक बाई दोन कापडं घेऊन आली. कंगव्यांच्या शेडवाल्यांनी निळ्या प्लास्टिकचे दोन तुकडे पाठवले. ती बघून सांगायची, आणि सांगितल्यावर म्हणायची, "इथे तरी असं दिसतंय." लोकांना वाटायचं, बाई विनयाने बोलते. तसं नव्हतं. पूर्वी तिला दोन मोजे एकसारखे दिसले की ते एकसारखे असत. आता ते फक्त दिसत. मधली जी पायरी निखळली होती, ती टेबल जागेवर आल्यावरही परत बसली नाही. हात पूर्वीसारखा चालायला लागला, जोड्या परत येईनाशा झाल्या, तरी घडी घालताना ती क्षणभर थांबायची.

हे ती एकदा नवऱ्याशी बोलली. तो म्हणाला, "अगं, तुझं बरोबर निघालं ना? मग आता कसला घोळ?"

"बरोबर निघालं ते ठीक. पण तेवीस वर्षं मी ज्या जोड्या लावल्या त्या कुठल्या उजेडात लावल्या?"

"खिडकीच्या."

"आणि लोकांनी घातल्या कुठल्या उजेडात?"

त्याने भट्टीचा काहीतरी दाखला द्यायला तोंड उघडलं, पण तो लागू पडेना, म्हणून मिटलं.

पुढच्या महिन्यात दोघं पडद्यांचं कापड घ्यायला गेले. जोडीताईने एक फिकट हिरवं निवडलं. ते दुकानात बघितलं, दारात बघितलं, रस्त्याच्या पलीकडे सावलीत नेऊन बघितलं. दुकानदार कापडाचं दुसरं टोक धरून तिच्यामागे गेला, कारण गठ्ठा तसाच उलगडत चालला होता. तीन ठिकाणी तीन हिरवे.

"पडदा खिडकीतच लावायचाय ना?" दुकानदार म्हणाला. "मग दारातला रंग धरा."

"दिवसा खिडकीत," ती म्हणाली. "दिवे लागले की घरातल्या उजेडात."

शेवटी तिने पांढरं घेतलं. पांढऱ्यात काही घोळ नसतो, असं ती घरी येईपर्यंत नवऱ्याला समजावत होती. त्याने पडदे टांगले, चार पावलं मागे सरकला, डोकं एका बाजूला कलतं केलं.

"डावा जरा पिवळट आहे का गं?"

जोडीताईने बघितलं. मग दिवा लावून बघितलं. मग दिवा बंद केला आणि म्हणाली, "असेल. राहू दे."